पुसता न येणारा अनुस्वार: डेड पिक्सेलचा मॉनिटर परत कसा करावा

लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत होते. 'अगत्य यावे'मधल्या 'वे'वर एक टिंब दिसलं. कुणीतरी जुन्या वळणाचं 'यावें' टाइप केलंय असं वाटून खोडायला गेले. खोडलं जाईना. पान वर सरकवलं, तर 'यावे' वर गेलं आणि टिंब जागच्या जागी राहिलं. मॉनिटर चार दिवसांपूर्वी घेतलेला, नवाकोरा. पडद्यावरचं चित्र ज्या बारीक ठिपक्यांचं बनतं ते पिक्सेल, त्यांतले दोन एकमेकांना चिकटून काळे पडले होते, नेमके मी मजकूर वाचते त्या पट्ट्यात.

मी नाशिकला, इंदिरानगरात, घरूनच डीटीपीचं काम करते. मराठी मजकुरात टिंबाला अर्थ असतो, त्यामुळे दिवसभर एका खोट्या अनुस्वाराकडे पाहत बसणं मला शक्य नव्हतं. दुकानात फोन केला. "ताई, एक-दोन डॉटला कंपनी हातच लावत नाही. नेहमीचंच आहे," असं उत्तर आलं. हे वाक्य कॅनडा कॉर्नर ते नाशिकरोड कुठल्याही दुकानात ऐकायला मिळेल, आणि बहुतेक लोक ते ऐकून गप्प बसतात. मी बसले नाही. मॉनिटर बदलून मिळायला एकोणीस दिवस लागले. त्या दिवसांत काय केलं आणि आज पुन्हा वेळ आली तर काय करीन, ते क्रमाने सांगते.

आधी पिक्सेलच आहे का ते बघा

स्क्रीनवरचा ठिपका म्हणजे डेड पिक्सेलच असं नाही. मायक्रोफायबरचं कोरडं कापड हलक्या हाताने फिरवा. धुळीचा कण असेल तर निघेल. मग मॉनिटरचं स्वतःचं बटण दाबून त्याचा मेनू उघडा आणि जमलं तर तो ठिपक्यावर आणा. मेनूवरही ठिपका दिसत असेल तर दोष पॅनेलमध्ये आहे. आणखी एक साधी परीक्षा म्हणजे स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवा. तिथेही त्याच जागी ठिपका दिसला, तर गडबड ग्राफिक्स कार्डात किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे, दुकानदाराचा काही दोष नाही. स्क्रीनशॉटमध्ये नसेल आणि डोळ्यांना दिसत असेल, तर मॉनिटरच सदोष. केबल बदलून आणि दुसऱ्या लॅपटॉपला जोडूनही एकदा बघा, कारण सर्व्हिस सेंटरवाले पहिला प्रश्न हाच विचारतात.

नंतर पूर्ण स्क्रीनभर एकच रंग आणून बघायचं. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग. पेंटसारख्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये एकरंगी चित्रं बनवून ती पूर्ण पडद्यावर उघडली तरी पुरतं. रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळचंच ठेवा, नाहीतर कडा पुसट होतात आणि ठिपका लपतो.

पाच रंग का? प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा आणि निळा अशा तीन उपपिक्सेलांचा बनलेला असतो. सगळ्या रंगांवर काळा राहिला तर तो डेड. काळ्या पडद्यावरही पांढरा चमकत राहिला तर तो चमकता. एकच उपपिक्सेल अडकला असेल तर काळ्यावर लाल, हिरवा किंवा निळा कण दिसतो, त्याला स्टक म्हणतात. कोपऱ्यांतून पिवळसर उजेड झिरपणं ही बॅकलाइटची, म्हणजे पॅनेलमागच्या दिव्याची तक्रार आहे. ती या तीन प्रकारांत मिसळू नका, नाहीतर तुमचा अर्जच गोंधळलेला दिसतो.

स्टक पिक्सेल रंगांची वेगाने उघडझाप करणाऱ्या प्रोग्रॅमने कधीकधी सुटतो, डेड सहसा सुटत नाही. इंटरनेटवर पेन्सिलीच्या टोकाने किंवा कापड गुंडाळलेल्या बोटाने दाबायचा उपाय सांगतात. कृपा करून तो करू नका. पॅनेलवर दाबाचा डाग उमटला की 'ग्राहकाच्या हातून नुकसान' असा शेरा बसतो आणि वॉरंटी तिथेच संपते. परत करण्याची मुदत चालू असेपर्यंत कुठलाच घरगुती इलाज नको.

त्याच दिवशी पुरावा

फोटो काढताना मोबाइल टेकवून स्थिर ठेवा, ठिपक्याशेजारी पट्टी धरा आणि फोकस लॉक करा. फार जवळून काढलात तर पडद्यावर लाटांसारख्या रेषा येतात, थोडं मागे सरका. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरचा एक पिक्सेल साधारण ०.२७ मिलिमीटरचा असतो. त्यामुळे एक फोटो जवळून आणि एक पूर्ण पडद्याचा लागतोच.

मग एक व्हिडिओ, मध्ये न तोडता. आधी बिल, मग मॉनिटरच्या पाठीमागचा सीरियल नंबर, मग पडदा चालू करून पाचही रंग. बिलावर सीरियल नंबर लिहिलेला आहे का तेही बघा. नसेल तर दुकानदाराकडून लिहून घ्या. बिल दिलंच नसेल तर मागा. मालाचं बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथाच आहे.

खोका, थर्मोकोल, स्टँडचे स्क्रू, प्लॅस्टिकच्या पिशव्या, काहीही टाकू नका. खोक्यावरच्या लेबलाचा वेगळा फोटो काढा. त्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा फोन व ईमेल छापणं बंधनकारक आहे. पुढे नोटीस पाठवताना हाच पत्ता लागतो.

कंपनीची पिक्सेलची अट काय म्हणते

दुकानदार जे 'कंपनी हात लावत नाही' म्हणतो, त्यामागे काहीतरी आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय भांडायला जाऊ नये. पॅनेल बनवताना लाखो ट्रान्झिस्टर एका काचेवर तयार होतात, त्यांतला एखादा निकामी निघू शकतो. म्हणून आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या आयएसओ ९२४१-३०७ या मानकात सदोष पिक्सेलांचे वर्ग ठरवले आहेत. वर्ग ० म्हणजे एकही दोष नाही. अनेक कंपन्या वापरतात त्या वर्ग २ मध्ये दर दहा लाख पिक्सेलांमागे २ कायम चमकते, २ कायम काळे आणि ५ अडकलेले उपपिक्सेल चालतात. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. म्हणजे चारेक काळे ठिपके असूनही मॉनिटर मानकात बसतो! फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल, तिथे हा आकडा सोळाच्या घरात जातो. काही कंपन्या महाग मालिकांवर 'एकही चमकता पिक्सेल नाही' असं वचन देतात, काही काळ्या आणि चमकत्यांसाठी वेगळे आकडे ठेवतात, काही पडद्याच्या मधल्या भागाला कडक नियम लावतात. आपल्या मॉडेलची अट कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा वॉरंटीच्या पुस्तिकेत शोधा आणि तारखेसह जतन करून ठेवा.

खरं सांगायचं तर तुमचा दोष या अटीच्या आत बसत असेल, तर कंपनीविरुद्ध वॉरंटीचा दावा कमकुवत आहे. पण तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. हे मानक म्हणजे कायदा नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या रुंद आहे. कायद्याने, उघड किंवा गर्भित कराराने, किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्याने जो दर्जा असायला हवा, त्यातली कुठलीही उणीव म्हणजे दोष. पिक्सेलची अट विकताना सांगितली होती का, बिलावर होती का, जाहिरातीत होती का, हा प्रश्न विचारा. वस्तूच्या दर्जाची माहिती मिळणं हा त्याच कायद्यातला ग्राहकाचा हक्क आहे. मला दुकानात 'डोळ्यांना त्रास नाही, मजकुराच्या कामाला उत्तम' असं सांगून मॉनिटर विकला होता, अटीचा उल्लेखही नव्हता. हेच मी लिहून दिलं.

लेखी नकार: सगळ्यात मोलाचा कागद

आपण फोन करतो, दुकानात जातो, वाद घालतो, 'बघतो, सांगतो' ऐकतो आणि तीन आठवडे निघून जातात. कागदावर मात्र काहीच नसतं. आपली सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

१९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम ४२ सांगतं, की वाजवी मुदत उलटेपर्यंत माल नाकारत असल्याचं न कळवता ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. एकदा स्वीकारला की या कायद्याखाली माल नाकारण्याचा मार्ग सहसा बंद होतो, उरते ती नुकसानभरपाई. कलम ४३ उलट बाजूने आपल्या कामाचं आहे. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर नाकारलेला माल परत नेऊन देण्याचं बंधन खरेदीदारावर नाही, नाकारला एवढं कळवणं पुरेसं आहे. म्हणून 'नाकारत आहे' हे शब्द पत्रात हवेत. 'जरा बघाल का' याला कायद्यात वजन नाही.

आणि ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम २(४७) म्हणतं, की सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर तीस दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा शिक्का सदोष मालाबाबत ढाल म्हणून चालत नाही. मन बदललं म्हणून परत करणं वेगळं, तो हक्क दुकानातल्या खरेदीत मिळत नाही, आणि दोन्ही गोष्टी मिसळून भांडू नये.

पत्र मी मराठीतच दिलं. असं:

"मी आपल्या दुकानातून अमुक तारखेला, अमुक क्रमांकाच्या बिलाने, अमुक सीरियल नंबरचा मॉनिटर रुपये इतके देऊन घेतला. अमुक तारखेला त्यावर शेजारी-शेजारी दोन कायम काळे पिक्सेल आढळले. ते सर्व रंगांवर आणि वेगळ्या केबल व लॅपटॉपवरही दिसतात. पडद्यावरील सदोष पिक्सेलबाबत कोणतीही अट विक्रीच्या वेळी मला सांगितली नव्हती व बिलावर नाही. सबब हा माल मी सदोष म्हणून नाकारत आहे. सात दिवसांत त्याच मॉडेलचा नवीन, न वापरलेला मॉनिटर द्यावा अथवा पूर्ण रक्कम परत करावी. मॉनिटर मूळ वेष्टनात सुरक्षित ठेवला आहे. तपासणीसाठी केव्हाही दाखवीन."

दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर तारीख, सही आणि दुकानाचा शिक्का घ्या. याला पोच म्हणतात, आणि पोच द्यायला टाळाटाळ झाली तर चिडू नका. त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही त्याच मजकुराचा फोटो टाका. मला पोच दिली नाही. सही करायची वेळ आली तेव्हा मालक जेवायला गेले होते. मी पोस्टात गेले.

'नवीन, न वापरलेला' हे शब्द मुद्दाम आहेत. वॉरंटीत बदलून मिळणारा मॉनिटर पुष्कळदा दुरुस्त करून पुन्हा पाठवलेला असतो. चार दिवसांच्या मालाच्या बदल्यात तो घ्यायची गरज नाही.

सर्व्हिस सेंटरला जाताना

दुकानदार म्हणेल, "कंपनीकडे जा." जायला हरकत नाही, पण विक्रेत्याची जबाबदारी त्याने संपत नाही. सेंटरवर मॉनिटर दिला तर जॉब शीट, म्हणजे माल दुरुस्तीला घेतल्याची नोंद-पावती घ्या. 'डिस्प्ले प्रॉब्लेम' असं मोघम न लिहिता दोषाचं वर्णन, ठिपक्यांची संख्या आणि जागा, आणि 'पडद्यावर ओरखडा नाही' हे लिहून घ्या. पावसाळ्यात खोक्यावरून प्लॅस्टिक गुंडाळा. रिक्षात मॉनिटर उभा ठेवा, आडवा टाकून त्यावर पिशवी ठेवू नका. घरी येऊन तपासणारा तंत्रज्ञ असेल तर त्याच्या भेटीचा नंबर आणि त्याने नोंदवलेलं कारण मागा. 'वॉरंटीत बसत नाही' असं तोंडी सांगितलं तर नम्रपणे म्हणा, "हेच लिहून द्या." अनेकदा इथेच सूर बदलतो.

ऑनलाइन घेतला असेल तर

खोका उघडण्याआधीपासून व्हिडिओ चालू ठेवा आणि खोक्यावरचं लेबल त्यात येऊ द्या. मॉनिटर जोडून त्याच संध्याकाळी पाच रंग बघा. परतीची मुदत सात किंवा दहा दिवस इतकी कमी असते आणि काही वस्तूंवर पैसे परत न देता फक्त बदलून देतात. ॲपवरच्या विनंतीचा स्क्रीनशॉट घ्या. चॅटवरचा प्रतिनिधी 'समस्या सुटली' असं दाबायला सांगतो, सुटली नसेल तर दाबू नका.

विनंती फेटाळली तर थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक संकेतस्थळाने या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवलाच पाहिजे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं. याच नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. ईमेलमध्ये या नियमांचा उल्लेख करा. ठराविक छापील उत्तराऐवजी माणसाचं उत्तर येण्याची शक्यता वाढते.

१९१५

सात दिवस गेले तरी काही हललं नाही, तेव्हा मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. मराठीत बोलता येतं. व्हॉट्सॲपसाठी ८८००००१९१५ हा क्रमांक आहे आणि हेल्पलाइनच्या पोर्टलवर स्वतःही तक्रार टाकता येते. बिल, फोटो, पत्र आणि पोस्टाची पावती जोडा आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, ती कुणाला हुकूम देऊ शकत नाही. ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते. पण बऱ्याच मोठ्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या असल्याने दुकानाच्या काउंटरवर अडलेलं प्रकरण वरच्या कार्यालयात जातं. माझं तिथेच सुटलं. कंपनीकडून फोन आला आणि दोन दिवसांत दुकानाने बोलावलं.

जिल्हा आयोग

तरीही नाही सुटलं, तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येतं. लोक अजूनही त्याला ग्राहक मंच म्हणतात. विक्रेता बेंगळुरूचा असो वा दिल्लीचा, तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार चालते, आणि ऑनलाइन खरेदीवाल्यांना २०१९ च्या कायद्याने दिलेली ही मोठी सोय आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते.

आधी विक्रेता आणि उत्पादक, दोघांनाही पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. ती सक्तीची नाही, पण तुम्ही संधी दिली होती हे दिसतं. तक्रारीत दोघांनाही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते पक्ष, करा. एकालाच केलं, तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तारीखवार हकीकत, कागदांची यादी, शपथपत्र आणि मागणी असा अर्ज असतो. मागणीत नवीन मॉनिटर किंवा व्याजासह रक्कम, त्रासाबद्दल भरपाई आणि तक्रारीचा खर्च येतो. भरपाईचा आकडा वाजवी ठेवा. बारा हजारांच्या मॉनिटरला पाच लाख मागितले तर खऱ्या तक्रारीचंही वजन जातं. फोटो, व्हिडिओ आणि चॅटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. निकाल तीन महिन्यांत, आणि मालाची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेवढी तयारी ठेवा. दोष नुसत्या डोळ्यांना दिसणारा आहे, तेव्हा मॉनिटर आयोगासमोर लावून दाखवण्याची परवानगी मागता येईल.

तक्रारीची मुदत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षं. कंपनी ईमेलला उत्तरं देत राहिली म्हणून ही मुदत थांबत नाही.

एक मुद्दा माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्यांसाठी. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार 'ग्राहक' ठरत नाही. मात्र स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू याला अपवाद आहे. फर्मच्या जीएसटी क्रमांकावर बिल घेऊन कराची वजावट घेतली असेल, तर समोरचा पहिली हरकत हीच घेईल. माझं बिल माझ्या नावावर होतं. अर्जात 'स्वयंरोजगाराने उदरनिर्वाहासाठी' हे शब्द स्पष्ट लिहा.

बदलून घेताना

दुकानाने बोलावलं त्या दिवशी मी पेनड्राइव्हवर पाच रंगांची चित्रं घेऊन गेले. नवा खोका सीलबंद आहे हे पाहिलं, तिथेच उघडायला लावला, त्यांच्याच संगणकाला जोडला आणि पाचही रंग एकेक मिनिट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितले. दुकानातले दिवे काळ्या पडद्यावर चमकत होते, म्हणून एक बंद करायला सांगितला. नवा सीरियल नंबर बिलावर घालून घेतला, शिक्क्यासह. वॉरंटी मूळ तारखेपासून की आजपासून, हेही त्याच बिलावर लिहून घेतलं. मग 'बदलून मिळाला' या कागदावर सही केली आणि १९१५ ची तक्रार बंद करायला सांगितलं.